एक ओळ कोरी सोडू नका

नाशकात धंदा टाकायचा म्हटलं की चारजण मिसळ सुचवतात. त्यांचं ऐकू नका. मिसळीत पहिल्या घासाला निकाल लागतो. रस्सा पांचट निघाला तर गिऱ्हाईक पाव तसाच ठेवून उठतं आणि पुढच्या रविवारी समोरच्या हॉटेलात दिसतं. द्राक्षबाग तर नकोच नको. ऐन फेब्रुवारीत एक गारपीट झाली की वर्ष गेलं. मी सांगतो तो धंदा करा. माल फुकट गेला तरी गिऱ्हाईक स्वतःलाच बोल लावतं, असा हा एकमेव धंदा आहे. गुण आला तर तुमचा हातगुण. नाही आला तर एवढंच विचारायचं, "चहा सोडला होता ना तुम्ही?" चहा कोणीच सोडलेला नसतो.

तर पर्यायी उपचार केंद्र. गाळा गंगापूर रोडला बघा, कॉलेज रोडला बघा, इंदिरानगरही चालेल. गोळे कॉलनीत मात्र फिरकू नका. तिथे औषधांचा ठोक बाजार. तिथल्या हमालालासुद्धा कुठली गोळी कितीला पडते आणि कितीला विकतात ते पाठ. बाराशेच्या बाटलीला तिथे बरकत नाही. सकाळी कृषिनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर अर्धा तास चालत जा. तिथे येणाऱ्या प्रत्येकाकडे निदान एक गुडघा आणि एक रिपोर्ट असतो, आणि त्याबद्दल बोलायला त्यांना कोणीतरी हवं असतं. हे मी चेष्टेनं म्हणत नाही. सरकारी दवाखान्यात रांग संपत नाही, खासगीत डॉक्टर मान वर न करता चिठ्ठी लिहितात. तुम्ही चाळीस मिनिटं ऐका. गुडघ्यापासून सुनेपर्यंत सगळं ऐका. अर्धा गुण तिथेच येतो. पैसे उरलेल्या अर्ध्याचे घ्यायचे.

पदवीचं म्हणाल तर म्हसरूळला अख्खं आरोग्य विज्ञान विद्यापीठ उभं आहे, १९९८ पासून. त्याच्या नादी लागलात तर एमबीबीएसची साडेचार वर्षं आणि वर आंतरवासितेचं एक. तुमचा अभ्यासक्रम शनिवार-रविवारचा असावा, दुपारच्या जेवणासह. नावात एक शब्द आजीचा असू द्या आणि एक नातवाचा. 'नाडी' जुनाट वाटते, 'क्वांटम' परकं वाटतं. 'क्वांटम नाडी' म्हटलं की आजी आणि नातू एकाच रिक्षातून येतात. क्वांटम म्हणजे काय, असं चुकून कोणी विचारलंच तर "अरे वा, सायन्सचे का तुम्ही?" असं कौतुक करा आणि जीभ दाखवायला सांगा. जीभ बाहेर असताना माणसाला पुढचा प्रश्न विचारता येत नाही.

आता मुख्य नियम. तो सांगायला मला माझे मामा मध्ये आणावे लागतील.

मामा निफाड तालुक्यातले. तीन एकर थॉमसन द्राक्षं, शाळा सातवीपर्यंत. कृषी सेवा केंद्रवाला नवं टॉनिक घेऊन आला, "मामा, मण्याला काय फुगवण येते बघा," की मामा बाटली ठेवून घेतात. दोन ओळींना मारतात, तिसरी कोरी सोडतात, पुन्हा दोन मारतात, पुन्हा एक कोरी. कोऱ्या ओळीच्या पहिल्या खांबाला आतल्या बाजूनं एक चिंधी, कोणाला दिसणार नाही अशी. पाणी, खत, विरळणी सगळं सारखं. पंधरा दिवसांनी धाकट्या पोराला पाठवतात. त्याला चिंधीचा पत्ता नसतो. तो प्रत्येक ओळीतले दहा-दहा घड धरतो, मण्याची जाडी मिलिमीटरमध्ये मोजतो आणि पाठकोऱ्या कागदावर लिहून आणतो. मग मामा विचारतात, "सांग, कोरी कुठली?" पोराला सांगता आलं तर टॉनिक विकत. नाही आलं तर टॉनिकवाल्याला नुसता चहा.

जगातल्या थोर वैद्यांना इथवर यायला शतकं लागली. मामांना टॉनिकवाल्यांनी शिकवलं.

तेव्हा नियम असा: कोरी ओळ कधीही सोडू नका. सर्दी आठवड्यात आपली आपण जाते. तुमचा कोर्स आठवड्याचाच असू द्या. पाठ रोज थोडी दुखते तेव्हा माणूस बाम चोळून गप्प बसतो. अगदी असह्य झालं की तुमच्या पायऱ्या चढतो. म्हणजे तो येतो तेच दुखणं शिगेला पोहोचल्यावर. तिथून ते उतरणारच. गोदेच्या पुरासारखं. नाशिककर ज्यावरून पूर मोजतात त्या दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागलं की तुमच्या तेलाचे दोन थेंब नदीत सोडा आणि मोबाइलवर व्हिडिओ सुरू ठेवा. पाणी उतरेल. साक्षीला खुद्द मारुतराय. तेल न टाकता काय झालं असतं, हे बघायला आपल्याकडे दुसरी गोदावरी नसते, हीच या धंद्यातली खरी मेख.

ज्यांनी कोरी ओळ सोडली त्यांचे हाल ऐका. फ्रान्झ मेस्मर नावाचा डॉक्टर अठराव्या शतकात पॅरिसमध्ये माणसाच्या अंगातलं 'चुंबकत्व' वळवून रोग घालवत असे. खोलीत मंद संगीत, उच्चभ्रू बायकांची गर्दी, मधूनमधून कोणाला तरी झटका. दृष्ट लागावी असा धंदा. १७८४ मध्ये सोळाव्या लुईनं चौकशी समिती नेमली. त्यात रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए होता, आणि अमेरिकेचे राजदूत म्हणून तिथे राहणारे बेंजामिन फ्रँकलिनही. मेस्मरच्या शिष्यानं फ्रँकलिनच्या बागेत एका जर्दाळूच्या झाडात चुंबकत्व भरलं. मग बारा वर्षांच्या एका मुलाला डोळे बांधून आणलं आणि एकेका झाडाला मिठी मारायला लावली. पहिल्या झाडापाशी त्याला घाम फुटला, खोकला आला. दुसऱ्यापाशी डोकं धरलं. तिसऱ्यापाशी आणखी वाढलं. चौथ्यापाशी पोरगं शुद्ध हरपून पडलं. भारलेलं जर्दाळू तिथून चांगलं वीस-पंचवीस फूट लांब होतं. चारही झाडं कोरी! शिष्यानं सारवासारव केली की झाडांत मुळातच थोडं चुंबकत्व असतं. या माणसाला मी मानतो. ऐन वेळेला असं सुचायला अंगात लागतं.

दुसरी गोष्ट अमेरिकेतली, एमिली रोझा नावाच्या चौथीतल्या मुलीची. तिथे हात न लावता, रुग्णाच्या अंगावरून हात फिरवून 'ऊर्जा' सारखी करणारे उपचारक होते. ती ऊर्जा हाताला जाणवते म्हणे. एमिलीनं शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी एक पुठ्ठा उभा केला. उपचारकानं पुठ्ठ्याखालून दोन्ही हात पलीकडे काढायचे. एमिली नाणं उडवून ठरवणार आणि डाव्या नाहीतर उजव्या हातावर आपला हात धरणार. कुठल्या ते ओळखा. २१ उपचारक, २८० खेपा, बरोबर आले १२३. म्हणजे ४४ टक्के. घरी बसून छापा-काटा केला असता तर याहून बरं जमलं असतं. १९९८ मध्ये ते अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापून आलं तेव्हा ती अकरा वर्षांची होती. म्हणून तुमच्या शिबिराच्या पत्रकावर तळाला एक ओळ टाकायला विसरू नका: कृपया लहान मुलांना आणू नये.

मामांना आणू नये, हेही टाकायला हवं होतं. आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मागच्या हिवाळ्यात शिबिर होतं. लॅपटॉप, त्याला जोडलेली काडेपेटीहून थोडी मोठी डबी, डबीतून निघालेली वायर आणि वायरच्या टोकाला धातूची दांडी. दांडी मुठीत धरायची, एका मिनिटात चाळीस पानी रिपोर्ट, दोनशे रुपये. रक्त नाही, सुई नाही. मामा त्या दिवशी आमच्याकडे मुक्कामी होते. पांढऱ्या एप्रनातल्या मॅडमनी आधी नाव, वय, उंची, वजन आणि स्त्री की पुरुष ते विचारून घेतलं, मग म्हणाल्या, "काका, दांडी घट्ट धरा, बोलू नका." पडद्यावर एक सांगाडा गरगर फिरला, हिरव्या रेषा वरखाली झाल्या, प्रिंटर कुरकुरला. यकृत, फुप्फुस, झिंक, सेलेनियम, 'स्मरणशक्ती निर्देशांक', सगळ्यांपुढे दशांशानंतर तीन आकडे. मामा त्या तीन आकड्यांवर खूश झाले. "आपल्या माती परीक्षणात दोनच येत्यात," म्हणाले. झिंक कमी निघालं होतं.

मामा खाली जाऊन चहा पिऊन आले आणि पुन्हा रांगेत लागले. नंबर आल्यावर म्हणाले, "मॅडम, मंडळींचं करायचं राहिलं. तिला जिना चढवत नाय. तिची माहिती लिवा, दांडी मी धरतो."

लॅपटॉपवरच्या मुलीनं मॅडमकडे बघितलं. मॅडम एक श्वास थांबल्या आणि म्हणाल्या, "चालेल. फॅमिली एनर्जी एकच असते."

मुलीनं मामींचं वय टाकलं, 'स्त्री'वर टिचकी मारली. मामांनी दांडी धरली. तीच मूठ, जेमतेम वीस मिनिटांनंतर. या खेपेला झिंक उत्तम निघालं. आणि सदतिसाव्या पानावर गर्भाशयात 'सौम्य असंतुलन'.

मामांनी चष्मा वर केला, पान दिव्याखाली धरलं. "हे कोणाचं म्हनायचं?" ते शांतपणे म्हणाले. "माझं तर नाय. आन् तिचं २०१२ सालीच काढलंय."

हॉलमध्ये थोडी खसखस पिकली. मॅडमनी वाद नको म्हणून मामांच्या हातात सांधेदुखीच्या तेलाची एक बाटली ठेवली, फुकट. आणि तुम्हाला धीर येईल अशी गोष्ट सांगतो: रांगेतला एकही माणूस घरी गेला नाही. मागून एक काकू म्हणाल्या, "मशीनला बिचाऱ्याला काय कळणार, माणसानं खरं सांगावं ना." अशा काकू आहेत तोवर तुमचं गाळ्याचं भाडं निघेल.

उपकरणं घेताना पाय बुडवून विष काढायचा टबही घ्या. कोमट मीठपाणी, मधे दोन पट्ट्या, वीज सुरू केली की अर्ध्या तासात पाणी विटकरी. ते अंगातलं विष नसून लोखंडी पट्ट्यांचा गंज असतो, त्यामुळे कोणाचेही पाय बुडवले तरी चालतं. फक्त दुपारी गिऱ्हाईक नसताना चुकून चालू ठेवू नका. पाणी तसंच विटकरी होतं आणि झाडूवाल्या मावशींना नको ती शंका येते.

आता गोड गोळ्या. हा विषय मी जपून लिहितो, कारण आमच्या घरातच निम्मी मतं तिकडची आहेत. होमिओपॅथी जर्मनीच्या हानेमान यांची, १७९६ पासूनची. बाटलीवर '३० सी' लिहिलेलं असतं. एक सी म्हणजे औषधाचा एक थेंब घेऊन शंभर थेंब द्रावण करायचं. त्यातला एक थेंब घेऊन पुन्हा शंभर केले की दोन सी. असं तीस वेळा. आपलं गंगापूर धरण घ्या, साडेपाच टीएमसीच्या आसपासचं. काठोकाठ भरलेलं असताना त्यात एक थेंब टाकला आणि कोणीतरी ते नीट ढवळलं, तर झाले साधारण पावणेआठ सी. आठ गाठायला अशी तीन धरणं लागतील. बाराच्या पुढे मूळ पदार्थाचा एखादा रेणू बाटलीत सापडण्याची आशा सोडायची. ३० सीला तो एक रेणू पोटात जावा असं वाटत असेल तर सूर्याच्या हजारो पट वजनाचं पाणी प्यावं लागेल. हे मनमाडमध्ये बोलू नका, तिथल्या लोकांनी पाण्यावरून आधीच बरंच सोसलंय.

मामांना मी हे सांगितलं तर ते हसले नाहीत, त्यांना २०१० आठवलं. त्या हंगामात सीसीसी या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशामुळे भारतातल्या द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडकले होते. युरोपात फवारणीच्या ज्या औषधाला वेगळी मर्यादा ठरवलेली नाही त्याला किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम एवढीच मुभा. म्हणजे दहा कोटींत एक भाग. होमिओपॅथीच्या भाषेत चार सी. मामांचा हिशेब सरळ होता: "चार सी त्या जर्मनवाल्याच्या मशीनला सापडतंय आन् माझा माल माघारी येतो. मंग तीस सी गुडघ्याला कसं सापडतं?" ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य संशोधन परिषदेनं १७६ अभ्यास चाळून २०१५ मध्ये सांगितलं की एकाही आजारावर होमिओपॅथी गुणकारी असल्याचा भरवशाचा पुरावा नाही. तुम्ही मनावर घेऊ नका. २०२० मध्ये करोनासाठी म्हणून सोसायट्यांतून आर्सेनिकम अल्बम ३० या होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या बाटल्या वाटल्या गेल्या तेव्हा मीही रांगेत होतो. चांगल्या गोड होत्या.

कायद्याचं थोडं सांभाळा. १९५४चा जुना कायदा आहे, औषधांच्या आणि जादुई उपचारांच्या आक्षेपार्ह जाहिरातींचा. त्याच्या यादीत ५४ दुखणी आहेत: मधुमेह, रक्तदाब, कर्करोग, लठ्ठपणा, मुतखडा. हे बरं करतो अशी जाहिरात केली तर पहिल्या खेपेला सहा महिन्यांपर्यंत आत जाता येतं. म्हणून 'बरं करतो' म्हणायचंच नाही. 'शुगरच्या मुळाशी जातो' म्हणा. मुळाशी जाऊन पुढे काय करतो ते गिऱ्हाईक आपल्या मनानं भरून घेतं. राहिलेलं काम निवृत्त मुख्याध्यापकांच्या व्हिडिओवर सोडा. मास्तरांना कोणी खोटं म्हणत नाही.

पांढऱ्या पुडीचं मात्र माझ्याकडून शिकू नका. काही ठिकाणी सांधेदुखीला 'जडीबुटी' म्हणून पुडी मिळते आणि दोन दिवसांत म्हातारी टुणटुणीत चालायला लागते. आत स्टेरॉइड कुटलेलं असतं. महिन्यानं चेहरा गोल होतो, घरचे म्हणतात तब्येत सुधारली. मग साखर वाढते, हाडं पोखरतात, पुडी एकदम बंद केली तर जीवावर बेततं. आमच्या गल्लीतल्या एका आजींचं असं झालं. त्यांच्या घरच्यांनी दोष कोणाला दिला? शेवटी ज्या डॉक्टरांनी पुडी बंद करायला सांगितलं त्यांना.

शेवटचं अस्त्र पूर्वजांचं. 'आपल्या ऋषिमुनींना सगळं ठाऊक होतं' म्हटलं की पुढचा प्रश्न येत नाही. फक्त सर्पगंधेचं नाव काढू नका. ती खरोखर आपली, पिढ्यान्‌पिढ्या वापरातली. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ती रक्तदाबाच्या रुग्णांना देऊन, आकडे मोजून, १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापलं, आणि जगानं निमूट मानलं. पुढे तिच्यातून रेझरपिन नावाचं औषध निघालं आणि जगभरचे डॉक्टर ते लिहून देऊ लागले. मुळी आपली, पण मोजली म्हणून चालली. गिऱ्हाइकाला हे कळलं तर तो तुमच्याही मुळीचे आकडे मागेल. गुळवेलीचे तर २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी छापलेच होते. ती घेणाऱ्या सहाजणांच्या यकृताला सूज आल्याचे. आयुष मंत्रालयाला ते पटलं नाही, ही तुमच्या सोयीची बाजू.

एवढं सगळं सांगून मी मामांना एसटीत बसवायला गेलो, तर त्यांच्या पिशवीतून ती फुकटची तेलाची बाटली डोकावत होती. मी म्हटलं, "मामा, तुम्हीसुद्धा?"

"फुकट आलीय, वाया कशाला घालू?" मामा म्हणाले. "आन् गुडघे दोन हायेत ना. डाव्याला लावतो, उजवा कोरा सोडतो."

महिन्यानं फोन केला आणि काय फरक पडला म्हणून विचारलं.

"पडला की," मामा म्हणाले. "दुखत्यात दोन्ही सारखेच. पन डाव्याला वास येतो."